पैलवानाचं जन्मवजन

सोफे बनवणाऱ्या त्या गृहस्थाला घरीदारी सगळे पैलवान म्हणत. पंचेचाळिशी उलटलेली, पोट पुढे आणि स्वतः मागे अशी चाल. तयार सोफ्यावर बसून बघणं हाही धंद्याचाच भाग, असं तो सांगे. आणि तेवढा भाग दुपारभर मन लावून करी.

रक्तात साखर निघाली, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी खाणं, झोप, घराण्यातले आजार असं सगळं खोदून विचारलं. शेवटी म्हणाल्या, "जन्माच्या वेळी वजन किती होतं, माहीत आहे?"

"भरपूर असणार!" त्याने छाती फुगवली. "उगाच का पैलवान नाव पडलं?"

घरी येऊन त्याने आईला विचारलं. आईला हसता हसता ठसका लागला.

"कसलं भरपूर! दोन किलोसुद्धा नव्हतास. नुसतं उंदराचं पिल्लू. कापसात गुंडाळून ठेवलं होतं. तुझे वडील थट्टेने पैलवान म्हणायला लागले, तेच चिकटलं."

ज्या नावावर जन्मभर मिशीला पीळ दिला, ती शुद्ध थट्टा निघाली! पण वाईट वाटून घ्यायला पैलवानाला सवड कुठे होती? दुसऱ्याच दिवशी तो पुन्हा दवाखान्यात हजर.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "कमी वजनाच्या बाळांना पुढे मधुमेह, रक्तदाब, हृदयाचे आजार होण्याची शक्यता थोडी जास्त दिसते. पण ते अनेक कारणांपैकी एक. बाकीची बरीचशी तुमच्या हातात आहेत."

हे शेवटचं वाक्य पैलवान दवाखान्यातच ठेवून आला.

"माझी काही चूक नाही!" त्याने घरात पाऊल टाकताच जाहीर केलं. "सगळं जन्माआधीच ठरलेलं!"

"हो का?" बायको म्हणाली. "मग रोज दुपारी बिस्किटांचा पुडा फस्त करतं ते कोण? कापसातलं बाळ?"

पैलवान उत्तर जुळवत होता, तोच आई हळूच म्हणाली, "म्हणजे माझ्यामुळेच का रे? तू पोटात असताना मला अन्न ठरत नव्हतं. पाणीसुद्धा उलटून पडायचं."

पैलवान चपापला. आपल्या अंगावरून झटकलेला दोष थेट आईच्या पदरात पडला होता. एवढं मोठं डोकं, पण अकलेच्या नावाने सगळा आनंद! तो तिच्याजवळ जाऊन बसला.

"नाही गं आई. एवढ्याशा जिवाला तू जगवलंस. वरचे नव्वद किलो मी स्वतःच्या हिमतीवर कमावलेत."

आईने डोळे पुसले. "मग उतरव की त्यातले थोडे."

"एकट्याला चालायचा कंटाळा येतो."

"मी येते."

संध्याकाळी मायलेक निघाले. पहिल्याच वळणावर पैलवानाने एका दुकानाच्या पायरीवर बैठक मारली. आई कमरेवर हात ठेवून वाट बघत उभी राहिली.

"आईंना फिरायला आणलंत वाटतं?" दुकानदाराने कौतुकाने विचारलं.

"हो ना," पैलवान धापा टाकत म्हणाला. "तिला दम लागतो, म्हणून जरा थांबलोय."

आईने पदराने त्याच्या कपाळावरचा घाम टिपला.