चौथ्या प्रकरणातली झूल

सुनील राठोडच्या पुस्तकाचे मुखपृष्ठ सोमवारी दुपारी बारापर्यंत लोहारा गावातल्या छापखान्याला पाठवायचे होते. त्याच सकाळी साडेनऊला ते त्याच्या आईने, रुपीबाईंनी, पाहिले.

पुस्तक साठच्या दशकातल्या सायकेडेलिक रॉकवर आणि हिप्पींवर होते. मुकुटबनजवळच्या तांड्यावर राहून, शाळेतली नोकरी सांभाळून सुनीलने ते अकरा वर्षांत लिहिले. सत्तावीस इंग्रजी पुस्तके वाचली, चाळीस माहितीपट पाहिले. शाळेत सगळे त्याला ‘हिप्पी गुरुजी’ म्हणत. पुस्तक निघाले की लोक आपल्याला गंभीरपणे घेतील, अशी त्याची आशा होती.

मुखपृष्ठावर १९६८ सालचा एक गिटारवाला होता. अंगात आरसे आणि कवड्या लावलेला लाल झगा. हिमालयातल्या भिक्षूंचा विधीचा झगा, असे तीन संदर्भग्रंथांत छापले होते. सुनीलच्या चौथ्या प्रकरणात त्यावर चौदा पाने होती.

रुपीबाईंनी चष्मा पुसून चित्र जवळ धरले.

“यानं बैलाची झूल काहून घातली रे?”

“याडी, झगा हाय तो. भिक्षूचा.”

“भिक्षूले कवड्या कायले लागतात? बैलाले लागतात. नजर लागू नये म्हणून.”

“अन् हे मधातलं गोल? शून्याचं प्रतीक हाय ते. दोन पानं लिवली म्या त्याच्यावर.”

“वशिंडाचं भोक हाय ते. त्यातून यानं मुंडकं काढलं.”

सुनील हसला. रुपीबाई हसल्या नाहीत. त्यांनी पेटीतून सासूने धवळ्या बैलासाठी शिवलेली झूल काढली आणि उभ्या मुलाच्या डोक्यावरून ओढली. डोके भोकातून बरोबर बाहेर आले. कवड्यांची रांग छातीवर आडवी बसली, कडा कोपरापर्यंत. सुनीलने कपाटाच्या आरशात पाहिले, मग मुखपृष्ठाकडे.

“पुण्यातल्या वाचकाले काय समजते?” तो म्हणाला. “हे तर तीन पुस्तकात छापलेलं हाय.”

“पुण्यातले नाही हसनार. इथले हसतीन. तुले राहाचं कोठं हाय?”

तेवढ्यात छापखान्यातून प्रफुल्लचा फोन आला. “सर, पाठवून राह्यले ना? मशीन खाली हाय.”

“चौथं प्रकरण थांबव.”

“काहून सर? लय भारी हाय ते. मले तर काहीच समजलं नाही.”

“म्हणूनच थांबव.”

मशीन दोन दिवस थांबले. चौदा पानांची चार झाली. शून्य पूर्ण गेले. प्रकरणाची सुरुवात आता अशी आहे: ‘ही बैलाची झूल आहे, असे रुपीबाई राठोड यांचे म्हणणे आहे. ते बरोबर आहे.’ पुरावा म्हणून खाली झूल घातलेल्या लेखकाचे छायाचित्र आहे. ते रुपीबाईंनी मोबाइलवर काढले, त्यामुळे कोपऱ्यात त्यांचा अंगठा आला आहे.

पहिली प्रत शाळेच्या स्टाफरूममध्ये गेली. ‘हिप्पी गुरुजी’ ही हाक त्याच दुपारी बंद झाली. आता सगळे ‘धवळ्या गुरुजी’ म्हणतात. याला मात्र सुनील ओ देतो.