नाव घे, ठकी

सकाळी कामावर निघालेल्या ठकीच्या पायातली चप्पल अंगणातच गळून पडली. तिनं ती पुन्हा घातली. दोन पावलांवर पुन्हा पडली. पायात चप्पल आहे की नाही, हे तिला खाली पाहिल्याशिवाय कळतच नव्हतं.

"आये, माझं पाय मेलं," असं म्हणत ती मातीतच बसली.

चुलीपाशी असलेली नवसी, तिची आई, धावत आली. तिनं लेकीची बोटं दाबली, चिमटे काढले. ठकीला काही जाणवलं नाही. नवसीच्या मनात जे आलं, ते तिनं तोंडातून काढलं नाही. फक्त शेजारच्या झोपडीकडे एकदा पाहिलं.

त्या झोपडीत सोमी राहायची. ठकीची विधवा काकी. नवरा गेला, पाठोपाठ लहानगं मूल गेलं, आणि पाम गावाजवळच्या त्या पाड्यावर हळूहळू कुजबुज सुरू झाली होती की सोमीची नजर चांगली नाही.

ठकी बोईसरला कारखान्यांच्या वसाहतीत एका शेडमध्ये कामाला होती. शाळेच्या दप्तरांना प्लॅस्टिकचा तळ चिकटवायचा. डब्यातलं सोलुशन ब्रशनं दोन्ही कडांना लावायचं, ओल जराशी उडाली की कडेवर कड ठेवून अंगठ्यांनी दाबून धरायची. वाऱ्यानं सोलुशन आधीच सुकतं, म्हणून खिडक्या बंद आणि पंखाही बंद. त्या गोडसर वासानं डोकं हलकं व्हायचं, कधी उगीचच हसू फुटायचं. पुढं बोटांना मुंग्या येऊ लागल्या. पण मुंग्या कुणाला येत नाहीत?

आता ती घरीच पडून राहिली. पाय सुकत चालले, हातातून भाकरीचा तुकडाही निसटू लागला. सोमी पेज घेऊन आली, तर नवसीनं दारातच हात आडवा केला.

"नको. पोरीला भूक नाय."

"वहिनी, दोन घोट तरी पाज."

"नको सांगितलं ना!"

सोमी भांडं घेऊन मागं फिरली. आत ठकीनं अंग चोरलं होतं. याच काकीनं तिला लहानपणी न्हाऊ घातलं होतं. पण गेल्या महिन्यात तिनं आपल्या पायांकडे एवढं निरखून का पाहिलं? हा विचार एकदा आला तो गेलाच नाही. रात्रीच्या काळोखातही कधी वाटली नाही एवढी भीती तिला आता भर दुपारी काकीच्या पावलांच्या आवाजानं वाटू लागली.

आणि सोमी? तिला पलीकडच्या पाड्यावरची बायडी आठवत होती. बायडीला लोकांनी चेटकीण, भुताळी म्हणून कोंडून मिरच्यांची धुरी दिली होती. ती आंधळी झाली आणि कुठंतरी वैतरणा नदीकडे निघून गेली. तिला शोधायला कुणी गेलं नाही. सोमीनं चूल पेटवणं सोडलं; आपला धूर दिसला तरी लोकांना आपली आठवण होईल, असं तिला वाटे.

शेवटी ठकीचा बाप सुका यानं जिवल्या भगताला बोलावलं. रविवारी सकाळी सगळा पाडा अंगणात जमला. जिवल्यानं सुपात दाणे टाकले, बराच वेळ पाहिले. तो लबाड माणूस नव्हता. दाणे बोलतात यावर त्याचा खरोखर विश्वास होता.

"घरच्याच बाईचं काम हाय. भुताळी हाय. पोर स्वतः नाव घेल, तवाच उतार पडंल."

दोघा बाप्यांनी सोमीला धरून आणलं. ठकीसमोर उभं केलं.

"नाव घे, ठकी," सुका म्हणाला. "घे नाव, म्हणजे चालाय लागशील."

ठकीच्या ओठांवर नाव आलं होतं. चालायला कुणाला नको असतं? तेवढ्यात गर्दीतून एक परकी बाई वाट काढत पुढं आली. शेडमधली सोजराबाई, नगरकडची, ठकीच्या शेजारी बसून दप्तरं चिकटवणारी. ठकी कामावर का येत नाही ते बघायला ती आली होती, आणि तिचंही पाऊल जमिनीवर फटफट आपटत होतं.

"आगं बया! तुजंबी पाय गेलं का? ही बग माजी बोटं, पोळली तरी कळत न्हाई. आन् आपल्या टेबलाची रंभाबाई तर भिंत धरून चालती."

ठकी तिच्याकडे बघतच राहिली. "सोजराबाई, माझ्या काकीला तू कदी पाह्यलंस?"

"तुजी काकी? कोन ती?"

"आनि रंभाबाईनं?"

"तिनं कुठनं बगायची? मी तरी तुजं गाव आज पयल्यांदा बगतेय."

ठकी अजून घाबरलेलीच होती. पण आता भीती वेगळीच होती. आपण काय करायला निघालो होतो, याची.

"मी नाव नाय घेणार," ती म्हणाली.

"मंग जलमभर अशीच पडशील!" जिवल्या ओरडला.

"पडंन. काकीनं नाय केलं हे. आमच्या टेबलाव बसतात त्यांनाच झालंय." मग तिनं दोन्ही हात पुढं केले. "काकी, मला पाठीव घे. डाक्टरकडं ने."

धरणाऱ्यांचे हात सैल पडले. सोमी पुढं आली, वाकली. जिच्या सावलीला लोक भीत होते, तिच्या गळ्यात आजारी पोरीनं हात टाकले. लोकांनी वाट दिली. मायेनं नव्हे, अंगाला अंग लागेल म्हणून. सोजराबाई पाय आपटत मागून निघाली. सडकेपर्यंत आणखी कुणी आलं नाही. तिथं मात्र सुका धापा टाकत पोचला आणि त्यानं पोरीला आपल्या पाठीवर घेतलं.

डॉक्टरांनी ठकी, सोजराबाई आणि रंभाबाई, तिघींची गोष्ट ऐकली आणि आधी ते काम बंद करायला सांगितलं. सोलुशनच्या वासानंच हातापायांच्या नसा मारल्या होत्या. ठकीला पुन्हा उभं राहायला वर्ष लागलं. डावं पाऊल अजून ओढतंच. शेडमध्ये तिच्या जागी दुसरी मुलगी बसली. खिडक्या उघडल्या नाहीत. पाड्यावर सोमीची माफी कुणी मागितली नाही, आणि तिला पाहून पोरांना मागं ओढणाऱ्या आया अजून आहेत.

पण आसपासच्या पाड्यांवर कुठं भगत दाणे पाहायला बसला, तर हल्ली कुणीतरी ठकीला कळवतं. ती पाय ओढत जाते. मधे आणून बसवलेल्या बाईच्या शेजारी, अगदी खेटून बसते. आणि मग आजारी माणसाला विचारते, "तू कामाला कुठं जातोस?"