चूल नसलेलं घर

घराला चूल नाही, आणि म्हणे घर! सुनेनं कागद माझ्यापुढं उलगडला तेव्हा मी आधी चूलच शोधली. दक्षिणेला मोठी खिडकी, भिंतींच्या पोटात गवताचे गठ्ठे, हातभर जाड. फडताळ होतं, मोरी होती, येसुईच्या खेळण्यांनाही कोपरा होता.

"खोंगोर, चूल कुठं गं?"

"चूल लागतच नाही, आई. भिंतीच ऊब धरून ठेवतात. फारच थंडी पडली तर विजेची एक पट्टी पुरे."

"आणि विस्तव कुठं ठेवायचा?"

तिनं कागद पुन्हा आपल्याकडं फिरवून पाहिला. शिकलेली पोर, लोकांची घरं आखून देते, पण हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. लग्नात सासूनं ज्या चुलीपुढं माझं डोकं टेकवलं, तिचा विस्तव मी आजवर विझू दिलेला नाही. माझा नवरा गोंबो गेला त्या हिवाळ्यातही नाही. कुरण सोडून या शहराच्या डोंगरावर आलो तेव्हा निखाऱ्यांचा डबा मांडीवर घेऊन ट्रकात बसले होते मी. आमच्यात चूल धाकट्या मुलाकडं जाते. धाकटा म्हणजे माझा तुमेन. आणि त्याच्याच घरात चूल नाही! मी सांगून टाकलं, "तुम्ही खुशाल राहा त्या गवताच्या पेटीत. मी माझ्या गेरमध्ये बरी."

झालं. एकाच कुंपणात इकडं त्यांचं नवं घर, तिकडं माझं गेर, लोकरी नमद्याचा गोल तंबू, मधोमध धुराडं काढलेला.

ते घर कशासाठी, हे मला कळत नव्हतं असं नाही. येसुईसाठी. माझी नात. उन्हाळ्यात कोकरासारखी उड्या मारते, आणि थंडी पडून डोंगरावरची सगळी धुराडी पेटली की तिचा भाता सुरू होतो. चहाची वाटीसुद्धा एका दमात पिता येत नाही पोरीला. एक घोट, मग धाप, मग खोकला, मग दुसरा घोट. गेल्या हिवाळ्यात डॉक्टरीण म्हणाली, "आता पुन्हा छाती भरली तर मी हात टेकले समजा." त्या दिवसापासून खोंगोरला वेड लागलं. सबंध उन्हाळा स्वतः गठ्ठे रचले, स्वतः माती लिंपली. प्रत्येक फटीवर चिकटपट्टी लावायची, मग मेणबत्ती धरून बघायची, ज्योत हलते का. हलली की कपाळाला हात लावून बसायची.

"अगं, एवढं बंद केलंस तर माणसं गुदमरतील की!" मी म्हणायचे.

"त्यासाठी हवेची पेटी आहे, आई. बाहेरची हवा गाळून आत घेते. आतली शिळी हवा बाहेर जाताना आपली ऊब तिला देऊन जाते."

"जाताना देऊन जाते? मग तुझ्या नवऱ्यापेक्षा हवा शहाणी म्हणायची."

त्या वेळी हसलो आम्ही दोघी. त्या पेटीचं तोंड तिनं पूर्वेच्या भिंतीला काढलं होतं. तिथं माझं गेर होतं. पण मी नाही म्हटलं तरी थंडीच्या आत ते मोडायचं आणि मी आत राहायला जायचं, असं तिनं धरूनच टाकलेलं. मी गेले नाही. गेर तिथंच राहिलं.

थंडी पडली. पहिले काही दिवस येसुई आत गाढ झोपायची, आणि खोंगोर अंगणात आली की नाचायचीच बाकी असायची. मग एका सकाळी तो खोकला मला माझ्या गेरमध्ये ऐकू आला. एवढ्या जाड भिंतींतून! माझ्या हातातला कोळशाचा चिमटा तसाच राहिला.

खोंगोर आली ती हातात पेटीची गाळणी घेऊन. नवी पांढरीफेक होती म्हणे. आता तव्याच्या बुडासारखी काळी. तिनं ती माझ्यापुढं ठेवली.

"मला कशाला दाखवतेस? स्वस्तातली आणली असशील."

"आई, त्या पेटीचं तोंड तुमच्या धुराड्यासमोर आहे."

"मग तोंड फिरव!"

"जमीन दगडासारखी झालीय, माती धरत नाही. भिंत आता फोडली तर वसंतापर्यंत बुजवता यायची नाही." तिनं काळी गाळणी उचलून धरली. "गाळण्या संपत आल्यात. पेटी बंद केली तर पोर गुदमरते, चालू ठेवली तर हा धूर खाते. मी काय करू, सांगा ना! तुमच्या पाया पडते, ही चूल बंद करा."

माझ्या अंगाची लाही झाली. "विस्तवावर पाणी ओतू म्हणतेस? माझ्या दारात उभी राहून?"

"पाणी नको. नुसता कोळसा घालू नका."

"म्हणजे उपाशी मारू! ते बरं! आम्ही धुरातच वाढलो, मेलो नाही."

तिनं वर पाहिलं. डोळे कोरडे ठणठणीत. "तुमची दोन मेली, आई. तुमेनच्या आधीची. खोकूनच मेली ना?"

मी तिला हाकलून दिलं. हो, दिलं हाकलून. खरं बोलणं कुणाला गोड लागतं? पण ती गेल्यावर माझा हात कोळशाकडं जाईना. चिमटा उचलायचे आणि ठेवायचे, शेवटी थोडा घालायचेच.

दुसऱ्या दिवशी दुपारी तुमेन धावत आला. "आई, चल!" एवढंच म्हणाला. आत गेले तर पोर आईच्या मांडीवर ताठ बसलेली. ओठ निळे. गळ्याच्या खाली खड्डा पडत होता, श्वासागणिक. मला बघून तिनं हात पुढं केला. बोलायला दम नव्हता. तो हातात घेऊन मी तिच्यापाशी बसले. वाफेचं यंत्र लावलं, पाठ चोळली, देवाला किती वेळा हाक मारली कुणास ठाऊक. उन्हं कलता कलता ती जराशी सैल पडली.

मी गेरमध्ये परत आले. चुलीत निखारे होते, लाल, भुकेले. त्यांना लोण्याचा एक गोळा दिला, सणाला देतात तसा. म्हटलं, "रागवू नकोस. तुला मी मारत नाही, पण जेवायलाही घालत नाही." आणि शेजारी बसून राहिले. मरणाऱ्या माणसापाशी बसतात तशी. सासूची आठवण आली, गोंबोची आली, त्या दोन लेकरांची आली. निखाऱ्यांवर राख चढत गेली. मी रडले, मोठ्यानं रडले. सकाळी हात घातला तर राख गार.

मग गाठोडं उचललं आणि सुनेच्या दारात उभी राहिले. तिनं गाठोडं आत घेतलं. माझे जोडे तिनंच काढले.

वाटलं, सुटलो. कसलं काय! गाळणी बदलली, ती परत काळी. पहिल्याइतकी नाही, पण काळीच. आगीतून फुफाट्यात! वारा वरून येत होता, आणि आमच्या लगतच वर शेजारणीचं, बुदखंडचं गेर. एकेरी नमदा, तोही फाटका. बाई दिवसभर कोळसा ढकलत असते तरी तिच्या पाण्यावर बर्फ धरतो.

खोंगोर जमिनीवर बसली. शेवटची गाळणी तिच्या मांडीवर होती. "मी घर बांधलं, आई. सगळं मोजलं, सगळं बुजवलं. पण हवा तर सगळ्या डोंगराची आहे. ती मी कुठून आणू?"

तिला असं कधी बघितलं नव्हतं मी. जिनं मला तोंडावर खरं सुनावलं, ती माझ्यासमोर मोडून पडली. आत येसुईचा भाता चालूच होता. मी उठले आणि डोक्याला फडकं बांधलं.

"तुमेन, दोऱ्या सोड माझ्या गेरच्या."

"आई? परत कुठं राहशील?"

"परत जायचंय कुणाला? चूल तर मेली. सोड म्हणते ना!"

माझा नमदा दुहेरी, माझ्या आणि गोंबोच्या हातानं कुटलेला. येसुईपाशी तुमेनला बसवून, गुंडाळ्या पाठीवर घेऊन आम्ही दोघी वर चढलो. बुदखंडशी माझं बोलणं बंद होतं; तिचा कुत्रा माझ्या सुक्या मांसावर ताव मारून गेला तेव्हापासून. दारात मला बघून ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"काय गं डुलमे? कुत्र्याचं भांडण उकरायला आलीस की काय एवढ्या थंडीत?"

"तुझ्या कुत्र्याला लागली आग. हा नमदा घे."

"आणि बदल्यात?"

"कोळसा अर्धा जाळ."

मग खाली आमच्या कुंपणात तिची नजर गेली. तिथं गेरच्या जागी नुसते उघडे वासे होते, आणि मधे माझी थंड चूल.

"अगं बाई," ती हळूच म्हणाली. "तू विझवलीस?"

"विझवली नाही. विझू दिली."

बुदखंडनं माझ्या पाठीवरची गुंडाळी स्वतः उतरवून घेतली. खोंगोरनं काम हाती घेतलं. दाराच्या कडा, छताच्या मधोमधच्या लाकडी चाकाभोवतीची फट, जमिनीलगतचा वारा, सगळं बघून बघून, मेणबत्ती धरून बुजवलं. बुदखंड तिला एकसारखी म्हणत होती, "पोरी, जरा चहा तरी घे." उन्हं उतरायच्या आत गेर दुहेरी झालं. बाईनं कोळशाची बादली उचलली, चुलीत डोकावली आणि बादली परत खाली ठेवली. "उकडतंय की गं मेलं!"

बुदखंडच्या वर आणखी गेरं आहेत, त्यांच्या वर आणखी. माझ्याकडं आता नमदा नाही. खोंगोरकडं थोडं गवत उरलंय, तिनं मोजून ठेवलंय. एवढ्यानं डोंगर गप्प होणार नाही, हे तिलाही कळतं, मलाही कळतं. वारा फिरला की खोकला येईल. भीती जात नाही.

चहा मात्र सकाळी मीच करते, विजेच्या त्या शेगडीवर. आमच्यात पहिला घोट चुलीतल्या विस्तवाला द्यायचा असतो. आज वाटी भरली आणि हात सवयीनं पुढं गेला. पुढं भिंत. वाटी हातात धरून मी उभीच राहिले. मागून येसुई आली, केस विस्कटलेली. म्हणाली, "आजी, मला."

दिली.

तिनं वाटी तोंडाला लावली. मी वाट बघत होते, आता थांबेल, आता धाप लागेल. खोंगोर दारात श्वास धरून उभी. पोरीनं सगळा चहा घटाघटा संपवला, तोंड पुसलं आणि रिकामी वाटी पुढं केली.

"अजून."