फुली

तिने वजाचं चिन्ह खोडून तिथे अधिक काढलं. बरोबर आलेलं गणित चुकवणं भलतंच अवघड होतं.

"बाबा, बघ ना जरा. अडलंय."

बाबा उद्याचा शर्ट इस्त्री करत होता. हात थांबला नाही.

"मैत्रिणीला विचार की."

बीजगणित सुरू झाल्यापासून शेजारची खुर्ची त्याचीच होती. कच्च्या कागदावर ऐटदार शेपटीचा क्ष काढत तो तिला एकेक पायरी उतरवायचा. "पायरी गाळू नकोस, तोंडावर आपटशील." पुस्तकात एक्स होता, पक्क्या वहीत ती गुपचूप क्षचा एक्स करायची. मग तिला गणितं पटापट सुटायला लागली, मैत्रिणी तिच्याकडे शिकायला येऊ लागल्या. अशाच एका संध्याकाळी बाबा पक्क्या वहीत डोकावला.

"अगं, एवढ्या फुल्या? सगळंच चुकलं की काय?"

मैत्रिणी फिसकन हसल्या. तीही हसली. तेवढ्यावर थांबायचं, तर म्हणाली, "तो एक्स आहे, बाबा. तुझा क्ष कधीच रिटायर झाला. आता तूही हो."

सगळ्यात मोठ्याने तोच हसला होता. त्या खुर्चीवर मात्र पुन्हा बसला नाही.

"खरंच अडलंय रे," ती आत्ता म्हणाली.

त्याने इस्त्री उभी ठेवली. येऊन उभ्याउभ्याच वही उचलली.

"एक्स सात? दोन साते चौदा, अन् तीन सतरा. इथे तर अकरा हवेत. तीन पलीकडे नेलेस, पण चिन्ह..." तो थांबला. खोडलेल्या जागेवरून त्याने अंगठा फिरवला. "आधी वजाच होतं."

ती खोडरबराचा चुरा गोळा करत राहिली.

"हे चुकलेलं नाही गं. चुकवलेलं आहे."

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. तो बसला होता, पण अगदी कडेला, पाहुण्यासारखा. पेन्सिल घेऊन त्याने गणित पहिल्यापासून मांडलं, बरोबरची चिन्हं एकाखाली एक. ती शेपटीची वाट बघत होती. त्याने एक तिरकी रेघ ओढली, मग बेताने तिला छेदणारी दुसरी. प्रत्येक ओळीत तशीच.

दोन एक्स बरोबर आठ. एक्स बरोबर चार.

मग वही तिच्यापुढे सरकवली आणि पूर्वी ती उत्तर काढून त्याच्याकडे बघायची, तसा तिच्याकडे बघत राहिला.

"जमतोय ना आता?"