उशीतली रेती

“रेतीच हाये म्हणून तुम्हीच सांगतलं होतं मले, साहेब.”

चंद्रभाननं हातातली उशी साहेबांच्या टेबलावर टाकली. तळहाताएवढी, पण फायलींवर पडताना धप्प वाजली. खनिजांचे नमुने तपासणाऱ्या सरकारी कचेरीतला हा शिपाई. सहा वर्षांत त्याचा आवाज चढला नव्हता. आज मे महिन्याच्या भर उन्हात सायकल मारत तो घरी गेला आणि निजलेल्या लेकीच्या डोक्याखालून ही उशी ओढून घेऊन आला.

सकाळी मुंबईहून आलेल्या माणसानं गोदामातल्या पोत्यांवरून यंत्र फिरवलं, तर ते भट्टीत लाह्या फुटाव्यात तसं तडतडलं. समुद्रकाठची काळी रेती, तिच्यातून मुळातच किरणं निघतात, फार काळ अंगाजवळ ठेवू नये, असं तो सहज बोलून गेला. पोती वर्षानुवर्षं येत होती. यंत्र आज आलं.

चंद्रभाननं समुद्र पाहिला नव्हता. कन्हान नदीची रेती तेवढी ओळखीची. ही मात्र जड, चकचकीत, मोहरीसारखी बारीक. सांडलेली भरून ने, भांडी घासायला बरी, हे याच साहेबांनी गेल्या वर्षी सांगितलं होतं.

त्याच्या बायकोनं, गोपिकानं, त्या रेतीनं भांडी घासलीच नाहीत. तान्ह्या बाळाचं डोकं गोल व्हावं म्हणून मोहरीची उशी करतात. तिनं मोहरीच्या जागी ही रेती भरली. उन्हाळ्यातही गार राहील म्हणाली. शेजारची रुखमाबाई तर रोज म्हणायची, पोरीचं डोकं कसं बेलफळावानी झालं वं. तेव्हा चंद्रभानही त्या डोक्यावरून हात फिरवायचा आणि खूश व्हायचा.

साहेबांनी यंत्र मागवलं, उशीजवळ नेलं. तडतड सुरू झाली. त्यांनी घाईनं ते बंद केलं.

“घाबरू नकोस. निसर्गातलीच आहे ही. किती दिवस वापरली?”

“सात महिने. पोरगी झाली तवापासून.”

“मूठभर तर आहे. काही होत नाही. लोक तिकडे किनाऱ्यावर राहतातच की.”

बोलता बोलता फरशीवर काहीतरी करकरलं. चंद्रभाननं खाली पाहिलं. साहेबांची खुर्ची मागे सरकली होती. टेबल आणि साहेब यांच्यात आता हातभर अंतर होतं.

उशीच्या कोपऱ्यावर गोपिकानं लाल दोऱ्यानं चिमणी काढली होती. चंद्रभाननं त्या चिमणीवर बोट ठेवलं आणि उशी हळूच साहेबांच्या बाजूला सरकवली.

“काही होत नाही नं? मग खुर्ची काहून मांगं घेतली, साहेब? सांगा.”