चकातली चावी

लेथ मशीनच्या चकात, म्हणजे गज पकडून फिरणाऱ्या जबड्यात, तो आवळायची चावी विसरणाऱ्याला एमिल कोव्हाच त्या दिवसापुरतं घरी पाठवायचा. फळ्यावर नाव आणि नावापुढे एक रेघ. तिसऱ्या रेघेला वर्गातून कायमचा नारळ. चोवीस वर्षांत त्याने कुणाचीही गय केली नव्हती. सख्ख्या पुतण्याचीही नाही, म्हणून भावाने तीन वर्षं त्याच्याशी बोलणं टाकलं होतं.

"चावी घालून चक आवळलात की हात काढायच्या आधी चावी काढा," तो पहिल्या दिवशी सांगे. "विसरलात आणि मशीन सुरू केलंत, तर ती कुणाच्या थोबाडावर जाईल हे मशीन विचारत नाही."

ओहायोतल्या त्या गावात पोलाद कारखाना बंद पडल्यावर लोक मिळेल ते शिकत होते. रोंडा पिकेट त्यांतलीच. वय त्रेचाळीस, सोळा वर्षं बेकरीत राबलेली. बेकरीला टाळं लागलं. पंप बनवणाऱ्या एका कारखान्याने तिला शब्द दिला होता, प्रमाणपत्र आण आणि कामावर ये. पण फळ्यावर तिच्या नावापुढे दोन रेघा होत्या. दोन्ही खऱ्या होत्या.

त्या सोमवारी सकाळी एमिलने तिच्या लेथवर पोलादी गज बांधून दाखवला. तेवढ्यात पलीकडच्या लेथवरून कर्टिस नावाच्या विद्यार्थ्याने हाक मारली, म्हणून तो तिकडे गेला. रोंडाने गॉगल चढवला, केस बांधले, बाह्या सारल्या, बटण दाबलं. चावी तिच्या कानाजवळून सणसणत गेली आणि पत्र्याच्या कपाटावर आदळली.

"रोंडा, तिसरी रेघ," एमिलच्या तोंडून निघूनही गेलं.

"मास्तर, गज तुम्ही बांधलात. मी चावीला हातसुद्धा लावला नाही."

"मी चावी विसरत नाही."

"इतकी वर्षं विसरले नाहीत, ते बरे आजच विसरले!" कर्टिस म्हणाला. दोघेतिघे हसले.

रोंडाचा चेहरा पडला. "माझंच चुकलं असेल मग," ती पुटपुटली आणि गॉगल काढू लागली.

एमिलने खडू उचलला. तेव्हा त्याला आपला तळहात दिसला. चावीची मूठ जोर लावून दाबल्याचा लाल वळ अजून ताजा होता. त्याने सकाळ आठवून पाहिली. कॉफी आठवली, डबा आठवला, कर्टिसची हाक आठवली. गज आवळल्याचं काही केल्या आठवेना.

सुरू करण्याआधी चक बघायचं काम चालवणाऱ्याचं, असं म्हणून त्याला सुटता आलं असतं. कुणी अवाक्षर काढलं नसतं. पण गेल्या महिन्यात दोनदा त्याला चकात राहिलेली चावी सापडली होती. कुणीतरी पोरांपैकी विसरलं, अशी त्याने मनाची समजूत घातली होती. त्यातली एक शनिवारची होती. शनिवारी वर्ग नसतो. कार्यशाळेत तो एकटाच होता.

त्याने फळ्यावर स्वतःचं नाव लिहिलं. पुढे एक रेघ ओढली. हात थांबला. मग आणखी दोन ओढल्या.

"मास्तर, तीन कशाला?" कर्टिसने विचारलं. आता तो हसत नव्हता.

"दोन मागच्या."

एमिलने कपाटाखालून चावी उचलली, पुसली आणि रोंडाच्या हातात ठेवली. "गज पुन्हा आवळ. आधी चक बघ, मगच बटण."

"पण तुम्ही उद्या याल ना?"

"तुला तीन रेघा पडल्या असत्या तर तू आली असतीस?"

त्याने एप्रन खुंटीला लावला आणि कोट घातला. या कामाशिवाय त्याला दुसरं काही येत नव्हतं, आणि आता हेही हातातून चाललं होतं. त्याला फार भीती वाटली. दाराशी तो थांबला. मागे रोंडाचं लेथ सुरू झालं. तो कान देऊन उभा राहिला. काही उडालं नाही, काही आदळलं नाही. मग तो निघाला.