नखभर आखूड पाय

मित्रांनो, मी एक जुना लोखंडी स्टूल आहे. अमरावतीच्या एका मोठ्या दवाखान्यात, ऑपरेशन थिएटरमध्ये, टेबलाच्या डाव्या अंगाला माझी जागा. आत्मवृत्त सांगण्याइतकं मी काही केलं आहे का, याबद्दल मलाच शंका आहे. पण दामिनीचं सांगायचं आहे, आणि ते मला अजून नीटसं समजलेलं नाही.

माझा जन्म अकोल्याच्या एका वेल्डिंगच्या दुकानात झाला. शालिकराम मिस्त्री मोडक्या खाटांच्या पाइपांतून स्टूल करत. माझे तीन पाय झाले आणि चहा आला. चहानंतर कापलेला चौथा पाय नखभर आखूड निघाला. "चालते," मिस्त्री म्हणाले आणि त्यांनी मला पांढरा रंग दिला. तेव्हापासून माझ्यावरचं वजन जरा जरी हललं की मी 'टक' असा वाजतो.

माझी कामं दोन. पेशंटला टेबलावर चढवणं, आणि ज्यांची उंची कमी पडते त्यांना वर धरणं. जमिनीलगत राहत असल्यामुळे चेहऱ्यांशी माझा फारसा संबंध येत नाही. मी माणसं वजनावरून आणि चपलांवरून ओळखतो. मोठे डॉक्टर म्हणजे निळ्या चपला. सत्यवती सिस्टर म्हणजे सव्वीस वर्षं ओटीत, म्हणजे या ऑपरेशन थिएटरात, उभ्या राहिलेल्या दोन टाचा. कौतुकाचं म्हणाल, तर नवा असताना एक डॉक्टर "स्टूल चांगला आहे" असं म्हणाले होते. पुढे रंग उडाला. ते एक वाक्य मी अजून पुरवून वापरतो आहे.

सहा महिन्यांपूर्वी दामिनी आली. नर्सिंग शिकलेली, अचलपूरची, उंची चार फूट दहा इंच. त्यामुळे आमची ओळख पहिल्याच दिवशी झाली. सहा महिने शिकाऊ म्हणून काढल्यावर तिच्या हातात एक फॉर्म पडला. वार्ड की ओटी? शनिवारपर्यंत एकावर खूण करायची. मग तीन वर्षं बदल नाही.

त्या आठवड्यात मी जितका वाजलो तितका जन्मात वाजलो नव्हतो. काम संपलं की मला धुऊन बाहेरच्या व्हरांड्यात ठेवत. दामिनी माझ्यावर बसे, फॉर्म गुडघ्यावर घेई. वार्ड. टक. ओटी. टक. कॉलेजात कोणी साहेबांनी भाषणात सांगितलं होतं म्हणे, की करिअर निवडताना आतला आवाज ऐका. आतून काही आवाज येईना. फोनमधून मात्र आईचा येई. आशाबाई अचलपूरच्या बाजारात भाजी विकतात; त्या फोनवर बोलल्या की व्हरांडाभर ऐकू येतं.

"वार्ड लिव्हजो बाई! गावचा मानूस तिथं आला तं त्याले पलंग कोन पाहून देईन? त्या ओटीत तं मानूस झोपेल राह्यते. त्याले काय मालूम कोनं काय केलं?"

"आई, मले काहीच समजून नाही राह्यलं."

"त्यात काय समजाचं? चार लोकाईले दिसली पाह्यजे पोरगी!"

मग तिनं सत्यवती सिस्टरना विचारलं, "सिस्टर, तुमी काहून आल्या ओटीत?"

"शांततेसाठी. पेशंट झोपेल, नातेवाईक बाहेर. कोनी डोकं खात नाही. येऊन जाय." सिस्टरनी टाच चोळली. "नाहीतं नको येऊ. पाय जातेत."

टक.

गुरुवारी अचलपूरचे पुंजाराम काका आले. दामिनीच्या शेजारचेच. पित्ताशयात खडे. माझ्यावर पाय ठेवून टेबलावर चढता चढता त्यांनी विचारलं, "आमची दामिनी कोठी हाये इथं?"

दामिनी समोरच होती. हिरवा गाऊन, टोपी, मास्क. दिसत होते ते फक्त डोळे. "काका, मीच हावो," ती म्हणाली, पण तोवर काकांना भुलीची सुई लागली होती.

ऑपरेशन दुर्बिणीनं होणार होतं. मध्येच रक्त सुटलं आणि पोट उघडावं लागलं. मला खालून दिसत होतं ते एवढंच, की निळ्या चपला सरकल्या, भुलीच्या डॉक्टरांच्या चपला धावल्या, कोणाची तरी एक चप्पल उलटी पडली. फक्त माझ्यावरचे दामिनीचे दोन पाय जागचे हलले नाहीत. वरून डॉक्टरांचा आवाज येई, "क्लॅम्...", आणि शब्द पुरा व्हायच्या आत तो चिमटा त्यांच्या हातात आपटल्याचा आवाज येई. अडीच तास मी एकदाही वाजलो नाही.

माझ्यावर बसून जिचा जीव एका फॉर्मवर इकडून तिकडे होतो, ती उभी राहिल्यावर इतकी स्थिर कशी? मित्रांनो, मी लोखंडाचा आहे. मला कळलं नाही.

शनिवारी आशाबाईंचा फोन आला. "पुंजाराम फोनवर सांगून राह्यला, दामिनी काही दिसली नाही. वार्डातल्या पोरीनं पानी देल्लं म्हने, लय गुनाची पोरगी. सगळ्या आळीत तिचंच नाव!"

"आई, मी तिथंच होती. त्याइचे खडे मीच वाटीत घेतले. अकरा होते."

पहिल्यांदाच फोनमधून नुसता बाजार ऐकू आला. मग आशाबाई हळू बोलल्या. इतक्या हळू, की मला कान नसूनही ते द्यावे लागले.

"किती वेळ उभी होती?"

"अडीच तास."

"कायवर?"

"स्टुलावर. हालते तो."

फोन बंद झाला. दामिनीनं गुडघ्यावर फॉर्म घेतला. पेन चाललं. मी वाजलो नाही. खूण कशावर केली ते मला खालून दिसलं नाही. सोमवारी सकाळी तीच पावलं, करंगळीला उडालेलं नेलपेंट घेऊन, थिएटरमध्ये माझ्यासमोर आली तेव्हा कळलं.

तिच्या हातात सायकलच्या ट्यूबचा तुकडा होता. "आईनं धाडला. भाजीच्या गाडीच्या दांड्याले बांधते ना, त्यातला. म्हने, उभंच राहाचं अशीन तं नीट उभी राह्य."

"ओटीत ट्यूब?" सत्यवती सिस्टर ओरडल्या. मग त्यांनीच ती स्पिरिटनं तीनदा पुसली आणि खाली बसून माझ्या आखूड पायाला घट्ट बांधली.

मित्रांनो, तुमच्या घरी डुगडुगणारा स्टूल असेल तर त्याच्या पायाकडे एकदा बघा. त्यावर कोण किती वेळ उभं राहतं, हे सहसा कोणाला दिसत नाही. मी आता वाजत नाही. त्यामुळे दामिनीला आपला निर्णय बरोबर वाटतो की नाही, हे कळायला मला काहीच मार्ग उरलेला नाही. पावलं मात्र रोज येतात.